दंगलीचा गुन्हा नोंदला म्हणून विधवेचा वाटा बुडतो काय?

माळरान: ‘दिरावर काठी उगारणाऱ्या विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा कशाला? दंगलीचा गुन्हा नोंदला की वारसाहक्क संपला पाहिजे,’ असे काल येथे कोणी लिहिले आणि बऱ्याच जणांनी त्याला माना डोलावल्या, म्हणून हे उत्तर. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृताची विधवा ही त्याच्या मुलामुलींच्या आणि आईच्या बरोबरीची वारस आहे. मृत्युपत्र नसेल तर नवरा गेला त्या क्षणी वाटा तिचा झाला, आणि कलम १४ मुळे तो पूर्ण मालकीने झाला. कलम २५ ने अपात्र ठरतो तो खून करणारा किंवा खुनाला साथ देणारा, आणि तेही खून झालेल्याच्या मिळकतीपुरता किंवा जो वारसा मिळावा म्हणून खून केला त्याच्यापुरता. अधिनियमात नसलेले दुसरे कोणतेही कारण कलम २८ चालू देत नाही.

बापू_निवृत्त: कलमे पाठ आहेत, अभिनंदन! आमच्या थोरल्या वहिनींनी भाऊ गेल्यावर माहेरची माणसे आणून कुंपण पाडले आणि त्या झटापटीत माझ्या वडिलांचा हात मोडला. अशा बाईच्या नावावर भावाची जमीन चढताना पाहणे म्हणजे काय, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

माळरान: हात मोडल्याची शिक्षा वेगळी आहे, आणि दंगलीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ खाली दोन वर्षांपर्यंत, प्राणघातक हत्यार असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ती शिक्षा वहिनींना व्हावी. जमीन तुम्हाला मिळावी असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

शेवंता: दंगलीच्या गुन्ह्याला बेकायदेशीर जमाव लागतो आणि त्या जमावाला किमान पाच माणसे लागतात, हे फिर्याद लिहून देणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. माझे यजमान वारल्यानंतर चौथ्या महिन्यात बांधावर भांडण झाले, तेव्हा मी घरात भाकरी थापत होते. फिर्यादीत पाचवे नाव मात्र माझे होते. आठ दिवसांनी चुलतदीर हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आले आणि म्हणाले, ‘सही करा, साक्षीदार जबाब फिरवतील.’

बापू_निवृत्त: सगळीच हक्कसोडपत्रे दांडगाईची नसतात. आमच्या तिन्ही बहिणींनी राजीखुशीने सह्या केल्या.

शेवंता: राजीखुशीने की माहेर तुटेल या भीतीने, हे त्यांना कधी एकांतात विचारले आहे काय?

बापू_निवृत्त: माझ्या बहिणींपर्यंत जाण्याचे आपणास कारण नाही. आणि वहिनींचे नाव अजून फेरफाराला लागलेले नाही, एवढे ध्यानात असू द्या.

माळरान: फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती महसुलाची नोंद आहे. तलाठ्याकडे अडवलेली नोंद म्हणजे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा, असा समज गावोगाव पसरवणाऱ्यांनीच विधवांना सर्वाधिक नाडले आहे.

काळा_कोट: माळरान यांनी एक बाजू सोडली आहे. बेकायदेशीर जमावाने समान उद्दिष्टासाठी खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे जमावातील प्रत्येक जण त्या खुनाचा दोषी ठरतो, मग काठी कोणीही मारलेली असो. समजा, अशा दंगलीत सासरे मारले गेले. आधीच वारलेल्या मुलाची विधवा या नात्याने सून सासऱ्यांची वारस असते. ती कलम १९० खाली दोषी ठरली, तर माझ्या मते कलम २५ तिला सासऱ्यांच्या मिळकतीतून बाहेर काढील.

माळरान: नुसत्या उपस्थितीने दोषी ठरलेल्या बाईने खून ‘केला’ असे म्हणणे मला जड जाते, पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. तरीही आजारपणाने गेलेल्या नवऱ्याकडून तिला आधीच मिळालेल्या वाट्याला त्याने धक्का लागत नाही.

बापू_निवृत्त: चला, सासऱ्यांच्या मिळकतीपुरते तरी आमचे म्हणणे खरे ठरले.

काळा_कोट: घाई करू नका, बापूसाहेब. कलम २७ प्रमाणे अपात्र वारस आधीच मरण पावल्याचे धरले जाते. तिची मुले मात्र आपल्या वडिलांच्या शाखेचा पूर्ण वाटा घेतात. आपल्या वहिनींना मुले आहेत ना?

बापू_निवृत्त: दोन आहेत. कायदा करणाऱ्यांना भाऊ नसावेत.