हेरिटेज वॉक घेतो, पण ऑनलाइन सगळीकडे वेगळाच माणूस दिसतो. एकसारखी ओळख कशी बांधायची?

पेठांमधून_पायी:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात शनिवार-रविवार सकाळी हेरिटेज वॉक घेतो, नोकरी सांभाळून. कसबा, शनिवार, बुधवार, कधी सदाशिव पेठ. आलेली माणसं परत येतात, पुढच्या वेळी सासूबाईंना नाहीतर मुलांना घेऊन येतात, म्हणजे प्रत्यक्षात चाललंय ते छान चाललंय, पण सोशल मीडियावर काही केल्या बस्तान बसत नाहीये. इन्स्टावर एक नाव, यूट्यूबवर माझं स्वतःचं नाव, आणि फेसबुक पेज मित्राने काढून दिलं त्याचं तिसरंच. परवा एक काकू म्हणाल्या, अहो ते मंडईचे व्हिडिओ पण तुमचेच का, मला वाटलं तो कोणी दुसराच मुलगा आहे.

पोस्टचंही तेच, आज विश्रामबागवाड्याचं लाकडी कोरीवकाम, उद्या राजगडचा ट्रेक, परवा मिसळ. ऑफिसमधले सांगतात रोज रील टाक, सगळं एका रंगात ठेव, ट्रेंडिंग ऑडिओ लाव. मला हे पुढे पूर्णवेळ करायचंय त्यामुळे मनापासून विचारतोय. जुनी अकाउंट बंद करून नव्याने सुरू करू का? मराठीत बोलू की इंग्रजीत? ट्रेक आणि खाणं बंदच करायचं का?

टाइपवेडी:
अकाउंट अजिबात बंद करू नकोस, जमलेली माणसं कशाला सोडायची, नाव तिन्हीकडे बदलता येतं. फक्त बदलायच्या आधी तेच नाव सगळीकडे मोकळं आहे का ते एका बैठकीत बघून घे, इन्स्टाला युजरनेम 30 अक्षरांत बसवावं लागतं, आणि बदललं की जुन्या लिंका चालतीलच असं नाही, म्हणून पत्रकांवर, व्हिजिटिंग कार्डावर जिथे जिथे जुनं नाव छापलंय ते पण त्याच आठवड्यात बदल. दुसरं म्हणजे युजरनेमच्या खाली जे नाव लिहितो ना, तेही सर्चमध्ये धरलं जातं, तिथे नुसतं तुझं नाव नको, पुढे पुणे हेरिटेज वॉक असंही असू दे, कारण तुझं नाव माहीत नसलेली माणसं तेच शोधणार.

प्रोफाइल फोटो चारही ठिकाणी एकच, व्हॉट्सअॅप धरून. वाड्याचा नको, तुझ्या चेहऱ्याचा, जवळून काढलेला. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुण्यातल्या हजार अकाउंटवर आहे, त्या एवढ्याशा गोलात तो कुणाचाच वाटत नाही.

आणि अक्षरांकडे बघ रे जरा, प्लीज. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या हिशोबाने ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटतो आणि मजकूर गिचमिड दिसतो. मुक्त किंवा बलू घे, दोन्ही फुकट आहेत, गूगल फॉन्ट्सवर मिळतात, एकच निवड आणि वर्षभर तोच ठेव. 2025च्या जानेवारीपासून इन्स्टाच्या ग्रिडमधले चौकोन उभे झालेत, त्यामुळे जुनी चौकोनी कव्हरं आता कडेने कापली जातात, मथळा मध्यात घे.

सदाशिवपेठी_वाचक:
टाइपवेडी ताईंचं सगळं पटलं, पण मला वाटतं खरा मुद्दा रंग-अक्षरांच्या अलीकडचा आहे. तुझा व्हिडिओ उघडताना माणसाला आतून खात्री हवी की हा मला काय देणार. किराणा दुकानदार जसा वर्षानुवर्षं त्याच वजनाने मोजून देतो म्हणून आपण दुसरीकडे जात नाही, तसं. पाटी रंगवलेली आहे का हे नंतर.

इतिहासात तर हे फारच महत्त्वाचं कारण इथे कुणीही काहीही ठोकून देतं. शनिवारवाडा 1732 साली उभा राहिला, 1828च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, हे सांगायला सोपं आहे आणि शेकडो लोक सांगतात. पण तू गेल्या महिन्यात कात्रजच्या नळाच्या उच्छ्वासावर जो व्हिडिओ केलास तो मी तीन जणांना पाठवला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास कात्रजहून शहरात पाणी आणलं हे पुस्तकात वाचलं होतं, पण रोज ज्याच्या बाजूने स्कूटर नेतो तो दगडी चौथरा म्हणजे त्या नळाची हवा खेळायची जागा आहे हे तू हात लावून दाखवलंस, कॅमेरा आत वाकवून अंधार दाखवलास, मग म्हणालास की हे मला कुठे वाचायला मिळालं. तीच तुझी ओळख आहे, ती तुझ्याकडे आधीच आहे. दर वेळी एक अशी गोष्ट जी आज रस्त्यावर उभी राहून दिसते, ती कुठे आहे, कधीची आहे आणि हे आपल्याला कशावरून कळतं, एवढं धरून ठेव. 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्या सदाशिव पेठेतच आहे, शंका असली तर तिथे जाऊन विचार. 'काका मला वाचवा' सांगायचं तर जरूर सांग, पण पुरावा आहे तो 1773 मधल्या नारायणरावांच्या खुनाचा, रात्री ऐकू येणाऱ्या हाका ही आख्यायिका, हे त्याच वाक्यात सांग. लोक अशाच माणसावर विश्वास टाकतात.

फराळवाली_कोथरूड:
मी फराळाचा व्यवसाय करते, तुझ्यापेक्षा वेगळं क्षेत्र आहे पण रोज रील हा सल्ला मलाही मिळाला होता आणि माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तो ऐकला त्यातल्या बऱ्याच जणी दिवाळी संपेपर्यंत थकून गप्प झाल्या. दादा तुम्ही नोकरी करता, आठवड्याला दोन करा पण ठरलेल्या वारी करा. वॉक झाला की लगेच परतू नका, त्याच गल्लीत अर्धा तास थांबून दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा, सकाळचा उजेडही चांगला असतो आणि गाड्यांचा आवाज कमी.

ट्रेक बंद करू नका पण तो स्टोरीत टाका, चोवीस तासांनी जातो, प्रोफाइलवर गर्दी होत नाही. मिसळीचं मात्र वेगळं आहे. मंडईच्या 1886च्या इमारतीबद्दल बोलता बोलता तिथल्या गाळ्यावरची भाजी, बाजूचं जुनं हॉटेल आलं तर ते तुमच्याच विषयात बसतं. कुठेतरी लांब हायवेवर खाल्लेली मिसळ नाही बसत, ती घरच्या ग्रुपवर टाका.

भाषा मराठीच. तुमच्या वॉकला येतात ती माणसं तुमचं मराठी ऐकून येतात. खाली इंग्रजी सबटायटल द्या म्हणजे बाहेरून शिकायला आलेली मुलंही येतील. दोन वेगळी चॅनेल काढायच्या फंदात पडू नका, एक सांभाळतानाच दमछाक होते. आणि ते तीन पोस्ट वर पिन करता येतात ना, तिथे एक तुम्ही कोण, एक वॉक कसा असतो, एक तो नळवाला.

पेठांमधून_पायी:
अरे वा, खूपच उपयोगाचं आहे हे सगळं, खरंच आभार. उच्छ्वासाचा व्हिडिओ कुणी पुढे पाठवला असेल असं वाटलंच नव्हतं. अजून एक विचारतो, लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका कॅफेने सांगितलंय की वॉकच्या मंडळींना नाश्ता फुकट देतो, त्याबदल्यात एक रील कर. पैसे घेत नाहीये तर नुसतं छान आहे म्हणून टाकलं तर चालेल ना?

हिशेबी_मामा:
नाही चालणार भाऊ. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम 2021 पासून आहेत आणि 2023च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही मार्गदर्शक सूचना काढल्यात. फुकट वस्तू, फुकट जेवण, सवलत हे सगळं मोबदल्यातच धरतात, पैसेच हवेत असं नाही. जाहिरात किंवा सशुल्क भागीदारी असं स्पष्ट लिहायचं, आणि व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच दिसलं पाहिजे, खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुझ्यावर कुणी दहा लाख लावायला बसलंय असं नाही म्हणत मी, पण वर सदाशिवपेठी म्हणाले तसं तुझं सगळं भांडवल कशावरून कळतं या एका प्रश्नावर उभं आहे, मग नाश्त्यालाही तोच प्रश्न लागू. सरळ सांगून टाक की यांनी आमच्या गटाला नाश्ता दिला. कॅफे जुन्या वाड्यात असेल तर वाडा दाखव, नसेल तर मी तर म्हणेन रीलच नको, आपापले पैसे देऊन खा.

पेठांमधून_पायी:
कॅफे नव्या इमारतीत आहे, त्यामुळे नाही म्हणतो. नाव मी इथे वापरतो तेच, इंग्रजी अक्षरांत लिहून, सगळीकडे मोकळं आहे, आत्ताच बघितलं, आज रात्री बदलतो. वार मंगळवार आणि शुक्रवार. बायो मात्र जमत नाहीये, असं लिहिलंय: इतिहासप्रेमी, भटका, खवय्या, कथाकार, पुणेकर, स्वप्नं बघणारा.

टाइपवेडी:
यातलं पुणेकर सोडून सगळं काढ. इन्स्टाला 150 अक्षरं मिळतात. हे बसतंय बघ:

पुण्याच्या पेठा, पायी. आज रस्त्यावर दिसतं ते दाखवतो, पुराव्यासकट. वॉक शनि-रवि सकाळी. नवा व्हिडिओ मंगळ-शुक्र. नावनोंदणी व्हॉट्सअॅपवर.

पेठांमधून_पायी:
टाकला. पुढचा मंगळवार नानावाड्याचा.