अनुभव धागा: फोटोतून कापलेलं गावचं राजकारण

फिरायला गेलं की आपण किल्ला टिपतो, सूर्यास्त टिपतो आणि कडेचा फ्लेक्स बेमालूम कापून टाकतो. या धाग्यात तो कापलेला भाग सांगा. कुठे गेला होतात, आणि तिथे तेव्हा काय शिजत होतं? पक्षाची वकिली नको, एवढीच विनंती.

सुरुवात मीच करते. वाईचा घाट आणि ढोल्या गणपती नीट टिपायचा तर आचारसंहितेत जावं, हे माझं ठाम मत. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि वाटेवरचे सगळे दादा-भाऊ-साहेब भराभर उतरले. मेणवलीकडे जाताना एका एसटी निवाऱ्याच्या कोनशिलेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. पावसाने त्याचा एक कोपरा सुटला होता आणि त्यातून फक्त 'यांच्या शुभहस्ते' एवढंच डोकावत होतं. घाटाचे फोटो बरे आलेत, पण मित्रमंडळीत फिरतोय तो हा.

गिरगावकर: मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. तरी बाणगंगेला जाताना 'भावी नगरसेवक' जागोजागी. एका भावींचा चेहरा उन्हाने पांढराफटक पडला होता, नमस्कार तेवढा शाबूत. मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. त्यांना तिकीट मिळालं का, देव जाणे.

सड्यावरचा: मी राजापूर तालुक्यातला, नोकरीला ठाण्यात. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस बऱ्याच जणांनी फोटोत पाहिला असेल. जांभ्यात कोरलेल्या रेषा उथळ, त्यामुळे दुपारी गेलात तर नुसता काळा कातळ दिसेल. सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात जा, रेषेत सावली भरते आणि चित्र वर येतं. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण आलं, पोलिसांचा ताफा आला, बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. तोवर सड्याकडे न फिरकलेले कॅमेरे तेव्हा आले. आमच्या नात्यातच दोन तट पडले. एकाला नोकरी दिसत होती, दुसऱ्याला आंब्याची कलमं. नंतर शिल्पाचा आकार कळावा म्हणून एका काकींना शेजारी उभं राहायला सांगितलं, तर म्हणाल्या, "फोटो कुणाच्या बाजूने लावणार, ते आधी सांग." मग शेजारी छत्री ठेवली.

तीन दरवाजा: जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारशात आले. आम्ही कोल्हापूरकरांनी स्टेटस ठेवले. गडावर मात्र माणसं राहतात, तिथे नगरपरिषद आहे. चहावाल्या मावशींचा सवाल सरळ होता: "वारसा झाला, आता आमचं गळकं छप्पर बदलायला कुणाला विचारायचं?" माझ्या फोटोत तटबंदी आहे, छप्पर नाही.

नेरळ लोकल: माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे तांबडी धूळ, झाडीतून तिरपा उजेड आणि हातरिक्षा ओढणारा माणूस. कृष्णधवल फोटोवाल्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितलं आणि मला 'शेवटचे फोटो' घ्यायची घाई झाली. रिक्षावाला पायातली चप्पल घट्ट करत म्हणाला, "घ्या, पण रडका चेहरा करणार नाही." त्याला ई-रिक्षा हवी होती. ई-रिक्षाला नीट रस्ता हवा, म्हणून पेव्हर ब्लॉक. घोडेवाले म्हणतात, ब्लॉकवरून घोडे घसरतात, आणि ई-रिक्षा आली की घोड्यावर कोण बसणार? दोघेही नगरपरिषदेचे मतदार, त्यामुळे उमेदवार चढावर एक बोलतो, बाजारात दुसरं. फोटो त्याला पाठवला. छान आहे म्हणाला, पण डीपीला लावला नाही. ई-रिक्षाच्या चालकाच्या सीटवर बसलेला मागितलाय.