जर्मनीत वनव्यवस्थापनात एम.एस्सी.: ग्योटिंगेन, थारांट की फ्रायबुर्ग?

प्रश्न: किंजळ_22

दापोलीत बी.एस्सी. वनशास्त्राच्या सातव्या सत्राला आहे. आतापर्यंतचा ओजीपीए (सर्व सत्रांची एकूण सरासरी) 10 पैकी 7.8. जर्मनीत इंग्रजी माध्यमातून वनव्यवस्थापनात मास्टर्स करायचं आहे. तीन शंका आहेत. आपले गुण आणि क्रेडिट तिकडे कसे धरतात? पहिल्या वर्षासाठी खरोखर किती पैसे हाती लागतात? आणि आपण शिकतो त्यापेक्षा तिथलं जंगलातलं काम किती वेगळं असतं? एजंटकडे जायचं नाही.

उत्तर: आयोजना_वाचक

एजंट नकोच. आधी गुणांचं. तिकडे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर उत्तीर्ण. रूपांतराचं सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण यांच्यातल्या फरकानं भागा, 3 ने गुणा आणि 1 मिळवा. किमान उत्तीर्ण 5 धरलं तर 7.8 चे 2.32 होतात. तेच कुणी 4 धरलं तर 2.1. एवढ्या फरकावर निवड हुकू शकते, म्हणून तुमच्या विद्यापीठाची उत्तीर्णतेची किमान मर्यादा कुलसचिवांच्या सहीनं लेखी घ्या. ती छापील गुणपत्रकावर असेलच असं नाही.

क्रेडिटमध्ये जास्त मुलं अडकतात. आपल्याकडे विषयापुढे 2(1+1) असं लिहितात, तिकडचा वाचणारा ते 2 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिटची मोजणी) समजतो आणि चार वर्षांची पदवी त्याला अपुरी वाटते. प्रत्यक्षात 1+1 म्हणजे 16 आठवड्यांत साधारण 16 तास व्याख्यान आणि 32 तास प्रात्यक्षिक. जर्मनीत 1 ईसीटीएस म्हणजे स्वाध्यायासकट सुमारे 30 तास. तुमचे 48 तास आणि तेवढाच स्वाध्याय धरला तर तो विषय 3 च्या आसपास जातो. वनसंवर्धन, वनमापन, मृदाशास्त्र, सांख्यिकी आणि वन अर्थशास्त्र या विषयांची तास आणि घटकांसह प्रत्येकी एक पानाची माहिती करून महाविद्यालयाचा शिक्का घ्या. प्रवेश समिती याच विषयांकडे आधी बघते.

भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) लागतं, शुल्क 18,000 रुपये. व्हिसासाठीही तेच लागतं, त्यामुळे ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. थारांटचा वनविभाग ड्रेस्डेनच्या विद्यापीठाचा आहे. तिथले अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात: पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30.

उत्तर: हिशेबी_सागवान

पैशांचं. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (एकदम पैसे काढता न येणाऱ्या बँक खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 च सुटतात. गोची पहिल्या महिन्यात होते. घरमालक कायद्यानं मूळ भाड्याच्या 3 पटींपर्यंत अनामत मागू शकतो, शिवाय सत्रशुल्क आणि आरोग्यविमा (30 वर्षांखालच्यांना दरमहा 140 युरोंच्या वर). हे 992 मध्ये बसत नाही. म्हणून ब्लॉक खात्याबाहेर वेगळे किमान 1,500 ते 2,000 युरो ठेवा.

फ्रायबुर्ग बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये येतं आणि ते राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो शिक्षणशुल्क घेतं. चार सत्रांचे 6,000 झाले. ग्योटिंगेनमध्ये ही फी नाही, फक्त सत्रशुल्क. अभ्यासक्रम आवडला असेल तरच फ्रायबुर्गचा हा भार उचला.

वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. त्यावर वर्षभराचा खर्च भागवण्याचा हिशेब मांडू नका, पहिल्या सत्रात काम मिळेलच असं नाही. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकास-संबंधित शिष्यवृत्ती आकर्षक आहे, पण तिला पदवीनंतर किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तुमच्यासाठी आत्ता नाही.

उत्तर: मोजपट्टी

तिसऱ्या शंकेवर सविस्तर लिहितो, कारण यावर कुणी बोलत नाही.

झाडाची जाडी जिथे मोजतात ती छाती-उंची आपण 1.37 मीटरवर धरतो, तिकडे ती 1.3 मीटरवर. आपण टेपनं घेर घेतो, ते कॅलिपरनं काटकोनात दोनदा व्यास घेतात. 94 सेंमी घेर म्हणजे 30 सेंमी व्यास, ही सवय डोक्यात बसवूनच जा. मोठी चूक ओंडक्याच्या घनफळात होते. आपल्या पाव-घेर सूत्रानं (घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी) 3 मीटर लांब आणि मध्यावर 120 सेंमी घेराचा ओंडका 0.27 घनमीटर येतो. मधल्या व्यासावर काढलेलं त्याचं खरं घनफळ 0.344. पाव-घेर सूत्र 21 टक्क्यांहून जास्त माल कमी दाखवतं! तिकडे लाकूड साल वगळून विकलं जातं, तो फरक वेगळा वजा होतो. अहवालात ही दोन सूत्रं मिसळली की आकडे जुळत नाहीत, आणि चूक कुठे झाली ते लवकर सापडत नाही.

दुसरं साधन रिलास्कोप. ठरलेल्या कोनातून बघून कोणती झाडं मोजायची ते यावरून ठरतं. ते ऑस्ट्रियाच्या बिटरलिख यांचं, त्यांनी 1948 मध्ये ही कोनमोजणीची पद्धत मांडली. गुणक 4 ठेवून एका बिंदूवरून गोल फिरताना 9 झाडं मोजात आली, तर हेक्टरी आधारक्षेत्र (छाती-उंचीवरच्या खोडांच्या छेदांचं एकूण क्षेत्रफळ) 9 गुणिले 4 म्हणजे 36 चौरस मीटर. काठावरच्या झाडावर मात्र नजरेनं निकाल देऊ नका: 30 सेंमी व्यासाचं झाड 7.5 मीटरच्या आत असेल तरच धरायचं, आणि हे अंतर उतारावर आडवं मोजायचं. उतारावरचं सरळ अंतर धरलं तर झाडं सुटतात आणि आकडा कमी येतो.

ग्योटिंगेनजवळच्या हार्त्स डोंगररांगेत गेलात तर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची उभी वाळलेली वनं दिसतील. 2018 पासूनच्या सलग कोरड्या वर्षांत झाडांचा राळेचा बचाव ढासळला आणि सालीखालच्या भुंग्यानं मोठी राई खाल्ली. एकजातीय लागवडीचं काय होतं याचा इतका स्पष्ट धडा आपल्या सागाच्या रोपवनांकडे बघणाऱ्यानं चुकवू नये.

आणि गोचीड. दक्षिण जर्मनीत त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो, त्यावर लस आहे: दुसरा डोस 1 ते 3 महिन्यांनी, तिसरा त्यापुढे 5 ते 12 महिन्यांनी. मार्चमध्ये पहिली सुई घेऊन एप्रिलच्या क्षेत्रकामाला पूर्ण संरक्षण मिळत नाही. गोचिडांमुळेच होणाऱ्या लाईम रोगावर लस नाही, तिथे रोज संध्याकाळी अंग तपासणं हाच उपाय. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल लावायचं नाही.

किंजळ_22

खूप आभार, घनफळाचं उदाहरण आजच करून बघते. परत आल्यावर आयएफएसची (भारतीय वनसेवेची) परीक्षा द्यायची असेल तर मास्टर्सचा उपयोग होतो का?

उत्तर: आयोजना_वाचक

पात्रतेसाठी नाही. भारतीय वनसेवेला वनशास्त्राची पदवी पुरते, ती तुमच्याकडे असेलच. वयाची अट 21 ते 32 आहे (आरक्षणानुसार सवलत), त्यामुळे मास्टर्सची दोन वर्षं धरून किती प्रयत्न हाती उरतात ते मोजा.

जर्मनीत राहायचं असेल तर पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. सरकारी वनविभागात मात्र जर्मन भाषेशिवाय दार उघडत नाही, वनमजुरांशी आणि खासगी वनमालकांशी बोलणं हेच तिथलं निम्मं काम आहे. इंग्रजीवर चालणाऱ्या संधी बॉनकडे जास्त, वनांना प्रमाणपत्र देण्याची मानकं ठरवणाऱ्या एफएससीचं मुख्यालय तिथेच आहे. इथूनच ए-2 पातळीपर्यंत (प्राथमिक संभाषणापुरती) जर्मन करून निघा.

तुमचा कल वनमापनाकडे असेल तर ग्योटिंगेन, उष्ण कटिबंधातल्या वनांकडे असेल तर थारांट. थारांटला हाइन्रिख कोटा 1811 पासून वनशास्त्र शिकवत होते आणि तिथला इंग्रजी अभ्यासक्रम उष्ण कटिबंधीय वनांवरच आहे. तुमच्या ऐन-किंजळच्या रानाशी तो जास्त बोलेल. आठव्या सत्राचा निकाल येण्याआधी कुलसचिवांचं पत्र मिळवा, सुटीत ते कार्यालय हलत नाही.