३५४ ची नोटीस आलीये, बाबा खोली सोडायला तयार नाहीत. काय करावं?

मुलुंड_पूर्व_खोली९

आमची बिल्डिंग मुलुंडला, तळमजला अधिक दोन, १९६२ ची, पागडीची, १४ भाडेकरू. विटांच्या भिंतींवर उभी आहे, वर स्लॅब. गेल्या सोमवारी जिन्याजवळ बीएमसीची ३५४ ची नोटीस (मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची, धोकादायक बिल्डिंगसाठीची) चिकटवून गेले, सी-१ म्हणून, म्हणजे रिकामी करा आणि पाडा. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंग किती मजबूत आहे याची तपासणी, मालकाने करून घेतलंय. ते लोक एकदाच आले, बाहेरून आणि जिन्यातून फोटो काढले, तासाभरात गेले, आमच्यापैकी कुणाच्याच घरात आले नाहीत.

पण खरं सांगायचं तर बिल्डिंग चांगलीही नाहीये. मोरीवरच्या स्लॅबची सळई उघडी पडलीये, हात लावला की गंजाचे पापुद्रे हातात येतात. जूनमध्ये आई भांडी घासत होती आणि तळहाताएवढा तुकडा सरळ पातेल्यात पडला, दोन वीत इकडे असता तर डोक्यात. तेव्हापासून ती मोरीत डोक्यावर पाट धरून बसते, मला ते बघवत नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांचं एकच, ताबा सोडला की खोली गेली. मालक दोन वर्षं भाडेपावती देत नाहीये त्यामुळे त्यांची भीती मला चुकीचीही वाटत नाही. शेजारचे म्हणतायत आपणही आपलं ऑडिट करू. कुणी म्हणतं म्हाडा संक्रमण शिबिरात जागा देईल. यातलं खरं काय? आणि बाहेर पडलो तर हक्क राहतो का, हे कुणी यातून गेलेलं असेल तर प्लीज सांगा.

पार्ल्याचा_भाडेकरू

आम्ही यातून गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी म्हाडाचं. ते सेस (दुरुस्तीसाठीचा कर) भरणाऱ्या बिल्डिंगचं काम आहे, आणि सेस फक्त शहरात, म्हणजे माहीम-सायनच्या अलीकडे. तुमचं माझं उपनगर, इथे सगळं बीएमसी बघते आणि राहायची सोय बहुतेक वेळा आपली आपल्यालाच करावी लागते. कटू आहे पण आधीच कळलेलं बरं.

आता बाबांची भीती. बिल्डिंग पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी केसमध्ये हे स्पष्ट केलंय, आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने धोकादायक बिल्डिंगसाठी बीएमसीला जी कार्यपद्धती घालून दिली त्यातही आहे की पाडण्याआधी कुठल्या खोलीत कोण राहतं आणि किती कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) याची यादी करायची. नवीन बांधकामाच्या परवानगीतही अट येते की मालकाने भाडेकरूंशी पुनर्वसनाचा करार केल्याशिवाय सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, नाही. बाबांना हे छापून वाचायला द्या, तोंडी सांगून ऐकणार नाहीत, माझे वडीलही ऐकले नव्हते.

तेव्हा तुमची लढाई त्या यादीची आहे. आमच्याकडे मोजायला माणूस आला तेव्हा आमची बंद केलेली गॅलरी त्याने धरलीच नव्हती, मी टेप घेऊन मागे उभा होतो म्हणून कळलं, तिथल्या तिथे लेखी हरकत दिली आणि शिक्का मारून पोच घेतली. आमच्या शेजारच्या काकू त्या दिवशी गावाला होत्या, त्यांच्या खोलीपुढे फक्त "बंद" लिहिलं. ते एक "बंद" दुरुस्त करायला त्यांना सात महिने खेटे घालावे लागले. मोजणीच्या दिवशी १४ ही दारं उघडी पाहिजेत, काही झालं तरी.

जुन्या भाडेपावत्या, लाईट बिलं, रेशनकार्ड, सगळ्याच्या कॉप्या करून बिल्डिंगच्या बाहेर कुणाकडे तरी ठेवा. भाडं दर महिन्याला चेकने पाठवा, स्पीड पोस्टाने, मालकाने परत केलं तर ते पाकीट न फोडता जपून ठेवा. पावती देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, तो देत नाही म्हणून तुम्ही भाडं थांबवू नका, तीच चूक तो नंतर कोर्टात दाखवेल.

नाव_नको_४४

मी तर म्हणेन अजिबात हलू नका. हे सगळं मालक आणि बिल्डरचं ठरवून असतं, पैसे देऊन सी-१ आणतात. आमच्या ओळखीत एकजण बाहेर पडले, ११ वर्षं झाली, प्लॉटवर गवत वाढलंय, भाडं स्वतःच्या खिशातून भरतायत. कागदावर हक्क आहे हो, पण कागदावर राहता येत नाही.

सळई_आणि_सिमेंट

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, २० वर्षं जुन्या बिल्डिंगची ऑडिटं करतोय.

वरचे ४४ म्हणतायत तसं घडतं, नाकारत नाही. पण तो राग धरून आत बसून राहू नका. भेंडीबाजारची हुसैनी बिल्डिंग म्हाडाने २०११ मध्येच धोकादायक ठरवली होती, लोक राहत राहिले, ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी पडली, ३३ माणसं गेली. त्याच्या महिनाभर आधी घाटकोपरची साईदर्शन, १७ गेले, तिथे तळमजल्यावर फेरफार चालू होते.

आता तुमचं. घरात न शिरता केलेलं ऑडिट हे ऑडिट नाही. बीएमसीकडे रजिस्टर्ड असलेला इंजिनिअर सगळ्यांनी मिळून लावा, तुमचा रिपोर्ट मालकाच्या रिपोर्टच्या विरुद्ध आला तर लेखी अर्ज करून प्रकरण टॅककडे, म्हणजे तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवायला लावता येतं, ते लोक येऊन बघतात आणि मग कॅटेगरी ठरते. सी-२ए आलं तर रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी आलं तर राहूनच दुरुस्ती. टेस्ट कुठल्या केल्या ते विचारा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक (न फोडता काँक्रीट तपासायला), कोअर (काँक्रीटचा तुकडा कापून), हाफ-सेल (सळई गंजतेय का ते बघायला), कार्बोनेशन (काँक्रीट सळईला अजून गंजापासून वाचवतंय का ते बघायला). शेवटची तुम्हाला डोळ्यांनी दिसेल, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन मारतात, काँक्रीट चांगलं असेल तर गर्द गुलाबी होतं. गेल्या वर्षी एका घरात मी मारलं, सळईच्या मागेपर्यंत फोडलं तरी रंग नाही, आणि त्या घरच्या आजी शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, अजून गुलाबी का होत नाहीये. मला उत्तर देणं जड गेलं.

तुमच्या मोरीचं वर्णन वाचून काळजी वाटली. सळईला गंज चढला की ती फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, त्यामुळे पडलेला तुकडा ही सुरुवात असते. ६० वर्षं पाणी मुरलेली जागा आहे ती. आज-उद्यात त्या स्लॅबला टेकू लावून घ्या, टॅक-बिक नंतर. टेकू वरच्या आणि खालच्या मजल्यावरही एका रेषेत हवेत, नाहीतर भार भलतीकडे जातो, म्हणून इंजिनिअरला विचारून लावा. आणि विटांची बिल्डिंग आहे तर खाली दुकानं असतील, कुणी मधली भिंत काढलीये का ते आधी बघा. तशा बिल्डिंगमध्ये भिंत हाच खांब असतो.

अजून एक, तुमचं ऑडिटही सी-१ आलं तर ते मान्य करायची तयारी ठेवून इंजिनिअर लावा. आपल्याला हवं ते लिहून देणारा शोधाल तर मालकाने केलं तेच तुम्ही केलंत.

डोंबिवली_स्टेशनरोड

थोडं वेगळं, पण डोंबिवली-ठाण्याकडचं कुणी वाचत असेल तर, इकडे ३५४ नाही, १९४९ च्या महापालिका अधिनियमाचं कलम २६४ लागतं. आणि सोसायटी असेल तर ऑडिट १५ ते ३० वर्षांत दर पाच वर्षांनी, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी, आदर्श उपविधीत लिहिलंय. आमच्या सोसायटीत पहिलं ऑडिट ३४ व्या वर्षी झालं, तेही जिन्याचा बीम तडकल्यावर.

मुलुंड_पूर्व_खोली९

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री १२ घरांची माणसं आमच्या खोलीत जमली, ऑडिटसाठी वर्गणी ठरली, इंजिनिअर गुरुवारी येतोय. खालच्या दुकानाने मधली भिंत काढलीये, आठ फुटांची, पत्र्याच्या कपाटामागे होती म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. आज सकाळी टेकूवाला येऊन मापं घेऊन गेला.

बाबांना पार्लेकरांचं लिहिलेलं छापून दिलं. दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत. मग पेटीतून १९८१ पासूनच्या पावत्या काढल्या, वर्षावार लावल्या, सुतळीने बांधल्या आणि म्हणाले ताईकडे ठाण्याला ठेवून ये. आई उद्यापासून तिच्याकडेच राहायला जातेय, बाबा मोजणी होईपर्यंत थांबतो म्हणतायत. मोजणीची तारीख लेखी मागितलीये, पोच घेतलीये.