मदत हवी आहे : रुमानियाच्या ‘फुल्गेरुल’ या तोफनौकेच्या सेवेच्या नोंदी व तारखा

नमस्कार. रुमानियाच्या आरमारातील ‘फुल्गेरुल’, म्हणजे ‘वीज’, या तोफनौकेच्या सेवाकाळावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. 1873 मध्ये फ्रान्समधील तुलाँ येथे बांधलेली ही छोटी नौका तोफेविना आली आणि तिच्यावर तोफ चढली ती डॅन्यूबकाठच्या गालात्स बंदरात. कारण रुमानिया तेव्हा नावापुरता का होईना तुर्की सुलतानाचा मांडलिक होता आणि काळ्या समुद्राची वाट इस्तंबूलवरूनच जात होती. मला हा तपशील फार बोलका वाटतो.

अडचण 1877 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या तारखांची आहे. रुमानियात 1919 पर्यंत जुनी ज्युलियन दिनगणना (1877 मध्ये आजच्या दिनगणनेपेक्षा 12 दिवस मागे) चालू होती, त्यामुळे स्वातंत्र्याची घोषणा कुठे 9 मे, तर कुठे 21 मे अशी दिसते. ‘रंदुनिका’ (पाकोळी) ही नौका ज्या हल्ल्यात होती, लांब दांड्याच्या टोकाला स्फोटके बांधून डॅन्यूबकाठच्या मचिनजवळ ‘सैफी’ हे तुर्की जहाज ज्यात बुडवले गेले, त्याच्याही 14 आणि 26 मे अशा दोन तारखा आढळतात.

मराठी मजकुरात कोणती तारीख मुख्य धरावी? तसेच, रुमानियन वाचता येणाऱ्या कोणी ‘फुल्गेरुल’च्या 1878 नंतरच्या सेवेच्या मूळ नोंदी पाहिल्या असतील, तर त्या कुठे मिळतील हे कृपया कळवावे.