फ्रेमवर्क नाही म्हणून संकेतस्थळ ‘हौशी’ ठरते का?

जुनी_खिडकी

‘तिसरी_आवृत्ती’ यांच्या परवाच्या लेखातील एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. ‘फ्रेमवर्क न वापरता बनवलेले संकेतस्थळ हे आजच्या काळात हौशी काम होय, आणि वेगाची तक्रार करणाऱ्यांनी आमचे लाइटहाउसमधले ९८ गुण पाहावेत,’ असे ते म्हणतात. (फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ बांधायला मिळणारा जावास्क्रिप्टचा तयार सांगाडा.) प्रतिसादाच्या चार ओळींत हे आटोपणार नाही, म्हणून वेगळा धागा काढला आहे.

आधी त्या ९८ गुणांचे पाहू. लाइटहाउस ही पानाचा वेग तपासणारी, गूगलची प्रयोगशाळेतली चाचणी आहे. एकाच यंत्रावर, मंद जोडणीचे सोंग आणून पान उघडले जाते आणि त्यावर कोणीही कुठेही बोट न लावता गुण दिले जातात. मार्च २०२४ पासून पहिल्या स्पर्शाची दिरंगाई मोजणाऱ्या एफआयडीच्या जागी जो आयएनपी हा निकष आला, तो वापरणाऱ्याने बटण दाबल्यावर पान किती वेळात हालचाल दाखवते हे मोजतो, आणि जिथे कोणी बटण दाबतच नाही तिथे तो मोजला जाणार कसा? खऱ्या भेटींपैकी ७५ टक्के भेटींत एलसीपी (पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस (मांडणी किती उडी मारते त्याचे माप) ०.१ च्या आत असायला हवा. ते आकडे लेखात कुठेच नाहीत.

आता अनुभव सांगतो. गेल्या वर्षी एका नोंदणीच्या पानाची तक्रार माझ्याकडे आली. पान दिसते, बटण दिसते, पण ते दाबले तरी काहीच होत नाही, असे लोक सांगत होते. आमच्या लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालत होते, त्यामुळे आठवडाभर आम्ही लोकांनाच दोष दिला. शेवटी घरातला पाच वर्षांचा जुना फोन केबलने जोडून डेव्हटूल्स या ब्राउझरच्या तपासणी-साधनात नोंद घेतली. सर्व्हरकडून तयार एचटीएमएल आले होते आणि ते लगेच रंगलेही होते, परंतु त्यानंतर हायड्रेशनसाठी, म्हणजे आलेल्या एचटीएमएलला जावास्क्रिप्टने जिवंत करण्यासाठी, मुख्य थ्रेडवर (पानाची कामे ज्या एकाच रांगेत होतात तिथे) सलग ३.४ सेकंदांची, जावास्क्रिप्ट चालल्याची एकच पिवळी पट्टी पसरली होती. ५० मिलिसेकंदांपुढचे काम ब्राउझर ‘लांब’ मानतो, आणि हे तर त्याच्या जवळजवळ सत्तरपट होते. त्या पट्टीखाली माझे स्वतःचे चार स्पर्श निमूटपणे रांगेत उभे असलेले मला दिसले. पानावर होते काय? पाच रकाने आणि एक बटण. जावास्क्रिप्टची एकही ओळ नसती, तरी साध्या फॉर्मने ते काम केले असते. ते पान ‘व्यावसायिक’ आणि माझे ‘हौशी’ असेल, तर मला हौशी म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नाही.

तिसरी_आवृत्ती

माझे वाक्य अर्धे उचलून त्यावर धागा काढल्याबद्दल आभार. त्याच परिच्छेदात पुढे मी ‘एकाहून अधिक माणसे ज्यावर काम करतात असे संकेतस्थळ’ असे लिहिले होते, ते सोयीस्करपणे गळले आहे.

अनुभवच तोलायचा असेल तर माझाही ऐका. २०१९ मध्ये एक दुकानाचे संकेतस्थळ माझ्या गळ्यात पडले, ज्यात जेक्वेरी या जावास्क्रिप्ट-संचावर लिहिलेल्या चाळीसएक फायली होत्या आणि प्रत्येक फाइल पान तयार होताच आपापला कारभार सुरू करत असे. टोपलीतल्या वस्तूंचा आकडा सहा ठिकाणांहून बदलला जाई. एका ठिकाणी सुधारावे तर दुसरीकडे आकडा दुप्पट दिसे, आणि तो कोण बदलते हे ज्या एका सहकाऱ्याला ठाऊक होते तो नोकरी सोडून गेला होता. ते सगळे तुमच्या लाडक्या ‘साध्या’ पद्धतीनेच लिहिलेले होते. आम्ही नऊ जणांनी ते फ्रेमवर्कात मोडणाऱ्या रिअॅक्टमध्ये नव्याने बांधले, प्रत्येक पानाचे बंडल (एकत्र बांधलेली कोडची फाइल) वेगळे केले, न वापरलेला कोड बांधणीच्या वेळीच झाडून टाकला आणि एकूण जावास्क्रिप्ट पूर्वीपेक्षा कमी भरले. हाताने लिहिलेले पान पहिल्या दिवशी वेगवान असते, हे मान्य. तिसऱ्या वर्षी चौथ्या माणसाने हात लावल्यावर ते कसे असते, ते सांगा.

तुमच्या नोंदणीच्या पानाचा दोष हायड्रेशनचा नसून, पाच रकान्यांसाठी ते वापरणाऱ्या माणसाचा आहे. भाजी चिरायला कुऱ्हाड घेतली म्हणून कोणी लोहाराला बोल लावत नाही.

जुनी_खिडकी

तुमचे लोहार मात्र प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारात कुऱ्हाड ठेवून जातात, हीच तर माझी तक्रार आहे. नवा प्रकल्प सुरू करण्याची आज्ञा दिली की पहिली अक्षरे लिहिण्याआधीच इतरांनी लिहिलेल्या कोडची शेकडो पॅकेजे उतरतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतले आणि त्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या प्रकल्पांच्या बांधण्या कोसळल्या, त्यातून आपण काय शिकलो?

तिसरी_आवृत्ती

तेच एक उदाहरण इतकी वर्षे पुरवून वापरता आहात, यावरून दुसरे सापडत नाही असे दिसते. त्यानंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम बदलले आणि कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती घ्यायची ते पक्के करणारी लॉकफाइलही आली. मुद्दा वेगाचा होता, तो पॅकेजांवर कधी गेला?

काना_मात्रा

आपण दोघे जावास्क्रिप्टवरून भांडता आहात आणि इथे वाचकाला मजकूरच दिसत नाही. मी एक वाचनाचे संकेतस्थळ सांभाळतो, ज्यात जावास्क्रिप्ट जवळजवळ नाही. तरीही मंद जोडणीवर पान उघडले की शीर्षकाची जागा कोरी, परिच्छेदांची जागा कोरी आणि मधोमध फक्त चित्रे, असा देखावा असे. कारण वेबफॉन्ट, म्हणजे पानाबरोबर सर्व्हरवरून उतरवावा लागणारा फॉन्ट. फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर सुमारे तीन सेकंद अक्षरे अदृश्य ठेवतो आणि आमच्याकडे एकाच फॉन्टच्या चार जाड्या लागत होत्या. देवनागरीत जोडाक्षरांची चित्रे फॉन्टमध्ये भरावी लागतात, त्यामुळे फाइल रोमनपेक्षा भारी होते, ती चार वेळा. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ केले, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत यंत्रातला दाखवायला सांगितले, तर मजकूर लगेच दिसू लागला, पण खरा फॉन्ट आल्यावर सगळे परिच्छेद उडी मारून खाली जाऊ लागले आणि सीएलएस बिघडला. शेवटी वेबफॉन्टच काढून टाकला. वाचकाच्या यंत्रात जो फॉन्ट आहे तो वापरला, पान क्षणात उघडू लागले आणि आजतागायत एकाही वाचकाने अक्षराचे वळण बदलल्याची तक्रार केलेली नाही. वेबफॉन्ट ही वाचकाची गरज नसून रचनाकाराची मिरवण्याची हौस आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

रेफ_रकार

तक्रार आली नाही, याचा अर्थ कोणाला खुपले नाही असा होत नाही. लोक तक्रार न करता निघून जातात, हे वेगाच्या बाबतीत आपण सगळे घोकतो आणि अक्षरांच्या बाबतीत सोयीने विसरतो. यंत्रातला फॉन्ट म्हणजे कोणता? एका फोनवर मात्रा शिरोरेषेला चिकटते, दुसऱ्यावर ओळींमधले अंतर इतके कमी की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. पुष्कळ ठिकाणी हिंदी वळणाचे दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श येतात, आणि मराठी मजकूर मराठी वळणाने दिसत नाही. मी पंधरा वर्षे अक्षरजुळणी करतो आहे. जी गोष्ट वाचायचीच आहे तिचे अक्षर म्हणजे मिरवण्याची हौस, हे ऐकून घेण्याची माझी तयारी नाही.

गाळणी

इतके तापण्याचे कारण नाही. फॉन्टमधली नको असलेली चिन्हे गाळली की फाइल निम्म्याहून लहान होते. ‘युनिकोड-रेंज’ दिली की देवनागरी आणि रोमन भाग वेगळे होऊन हवा तोच उतरतो. शिवाय प्रसिद्ध फॉन्ट सार्वजनिक सीडीएनवरून (अनेक संकेतस्थळांच्या सामायिक सर्व्हरवरून) घेतला, तर तो वाचकाच्या कॅशेत, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, आधीच असण्याची शक्यता मोठी.

काना_मात्रा

ती शक्यता २०२० मध्येच संपली. क्रोमने ८६ व्या आवृत्तीपासून कॅशेचे कप्पे संकेतस्थळानुसार वेगळे केले आणि सफारीत ते त्याहून कितीतरी आधी झाले होते. दुसऱ्या संकेतस्थळाने उतरवलेला फॉन्ट आता आपल्या कामी येत नाही, उलट नव्या सर्व्हरशी जोडणी जुळवण्यात वेळ जातो. फॉन्ट ठेवायचाच तर तो आपल्या सर्व्हरवर ठेवा आणि वर्षभराची कॅशे मुदत द्या. हे सल्ले देणाऱ्यांनी आपल्या माहितीचीही कॅशे कधीतरी रिकामी करावी.

रेफ_रकार

गाळण्याविषयी तर बोलूच नका. एका संकेतस्थळासाठी मी निवडलेला फॉन्ट तिथल्या चमूने ‘हलका’ करून वापरला. त्यांनी वर्णमालेतली अक्षरे, काना, मात्रा, विरामचिन्हे यांची यादी केली आणि बाकीचे सगळे कापले. जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नसतो, ती फॉन्टच्या आतल्या जीएसयूबी या अक्षरे बदलणाऱ्या तक्त्यातून घडतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. तो तक्ताच कापला गेला. दुसऱ्या दिवशी फॉर्म चुकीचा भरला की लाल चौकटीत माफी मागणारा जो शब्द येई, त्यात ‘क’चा पाय मोडलेला आणि शेजारी ‘षमस्व’ उभा. फाइल ४० केबीची झाली म्हणून त्या चमूने एकमेकांची पाठ थोपटली होती. माझे नाव श्रेयनामावलीत होते.

काना_मात्रा

वाईट झाले, पण हा दोष हत्याराचा नव्हता. जोडाक्षरे घडवणारी वैशिष्ट्ये राखून चिन्हे गाळण्याची सोय त्याच हत्यारांत असते, ती वापरली नाही. आणि ज्या ल आणि श साठी आपण एवढे रागावला आहात, त्यांचे उत्तर फुकट आहे. पानाच्या मुळाशी भाषा म्हणून ‘एमआर’ (मराठी) लिहा. ज्या फॉन्टात मराठी रूपांची सोय आहे, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप उमटतात. पुष्कळ मराठी पानांवर तिथे अजून ‘ईएन’ (इंग्रजी) असते, कारण नमुन्यातून उचललेली ती ओळ कोणी बदलतच नाही. आपल्या पानावर काय आहे?

रेफ_रकार

पाहिले. ‘ईएन’ आहे. मला हे माहीत नव्हते असे नाही, लक्षात राहिले नव्हते. तरीही यंत्रातल्या फॉन्टात ती सोय असेलच याची हमी आपण देत नाही, हे नोंदवून ठेवतो.

मधला_थर

अक्षरांचे तज्ज्ञ दमले असतील तर मूळ मुद्द्यावर येऊ या का? मी होस्टिंगकडून बोलतो आहे. माझ्याकडे ‘सर्व्हर मंद आहे’ म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांत बहुतेक वेळा सर्व्हर निर्दोष असतो. गेल्या आठवड्यातल्या पानावर ४०० पिक्सेलच्या चौकटीत ४००० पिक्सेलचे पीएनजी बसवले होते. त्याच्या खाली जाहिराती, भेटींची मोजणी, गप्पांची खिडकी आणि उष्णता-नकाशा (वाचक पानावर कुठे बोट लावतात ते दाखवणारा) यांच्या मिळून अकरा परक्या स्क्रिप्ट होत्या, त्यांपैकी तीन कोणी घातल्या हे कोणालाच सांगता आले नाही. एचटीटीपी/३ ही नवी वाहतूक-पद्धत आणा, ब्रोटलीने फायली आकुंचित करा, त्याने हे ओझे फारसे घटत नाही. फ्रेमवर्क असो वा नसो, विपणन विभागाला टॅग मॅनेजरची (परक्या स्क्रिप्ट घालण्याच्या साधनाची) किल्ली दिली की तुमचा दोघांचाही वाद निकालात निघतो.

तिसरी_आवृत्ती यांचे पान मी आत्ताच उघडून पाहिले. वरच्याच मोठ्या चित्राला लेझी लोडिंग लावलेले आहे. पडद्याबाहेरच्या चित्रांसाठी असलेली सोय पहिल्याच चित्राला लावली की ब्राउझर आधी मांडणी पूर्ण करतो आणि मग ते मागवतो. आपला एलसीपी तिथे अडकला आहे.

तिसरी_आवृत्ती

रात्री बसून तपासले. मधला_थर यांचे म्हणणे बरोबर आहे. जुन्या फोनवर, वायफाय बंद ठेवून, एलसीपी ४.१ सेकंद येत होता. पहिल्या चित्राचे लेझी लोडिंग काढले, त्याला उच्च प्राधान्य दिले, लांबी-रुंदी लिहिली, एव्हीआयएफ या हलक्या चित्र-प्रकारात रूप केले, आणि तो २.३ वर आला. यात फ्रेमवर्कची एक ओळही बदललेली नाही, हे जुनी_खिडकी यांनी कृपया वाचावे.

जुनी_खिडकी

वाचले, आणि ९८ गुणांच्या पानाला जुन्या फोनवर चार सेकंद लागत होते हेही वाचले. आता एक सांगा, त्या चित्राला लेझी लोडिंग आपण स्वतः लिहिले होते का?

तिसरी_आवृत्ती

नाही. फ्रेमवर्कचा चित्र-घटक न सांगताच ते लावतो, आणि पहिल्या चित्रापुरते ते बंद करावे असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे. मी ते वाचले नव्हते. एवढी कबुली पुरेशी असावी. ९८ गुणांचे वाक्य लेखातून काढतो आहे, ‘हौशी’ हा शब्द मात्र राहील.

जुनी_खिडकी

राहू द्या. टोपलीच्या आकड्याचे आपले दुखणे मला पटले आहे. अनेक जण एकाच पानावर काम करत असतील, तर कोणीतरी शिस्त लावावी लागते आणि ती दर वेळी स्वतः घडवणे मलाही जमलेले नाही. माझ्या संकेतस्थळावर मी एकटाच आहे, त्यामुळे भांडण फक्त स्वतःशी होते.

रेफ_रकार

सर्वांच्या माहितीसाठी: भाषा ‘एमआर’ केली आणि वेबफॉन्ट काढून घरातल्या दोन फोनवर पाहिले. एकावर ल पाकळीयुक्त झाला, दुसऱ्यावर दंड तसाच राहिला. वेबफॉन्ट परत लावला आहे. एकाच जाडीचा.