टॅबची बॅटरी गेली, हे तुम्हाला नक्की कशावरून कळलं?

साखरगाठ (धागाकर्ती)

बाबांचा दहा इंची टॅब आहे, पाच वर्षांचा. सकाळी कीर्तन, दुपारी बातम्या, रात्री नातवंडांशी व्हिडिओ कॉल. हल्ली चांगले चाळीस टक्के दिसत असतात आणि पडदा काळा होतो. एका दुकानदाराने सांगितलं, "बॅटरी गेली." दुसरा म्हणाला, "यात पैसे कशाला घालता, नवा घ्या." उघडून बघणं तर सोडाच, दोघांनी तो धड चार्जरलाही लावला नाही.

फोनबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं, टॅबबद्दल फारसं नाही. म्हणून इथे विचारते. तुम्हाला बॅटरीचा संशय कशामुळे आला, खात्री कशी केली, आणि शेवटी बॅटरीच निघाली की दुसरंच काही? कंपन्यांची उणीदुणी नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत. लक्षणं लिहा.

---

टाकणखार

दुरुस्तीचं दुकान आहे, नाशिकला. त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

ताई, तुमच्या बाबांच्या टॅबचं लक्षण मला पुरेसं वाटतंय, पण आधी एक गोष्ट. पडद्यावरचा टक्का कोणी मोजत नसतं. आत एक चिप असते, ती व्होल्टेज किती आणि करंट किती आत-बाहेर गेला यावरून अंदाज बांधते. बॅटरी जुनी होते तशी तिची साठवण घटते, त्याचबरोबर तिचा आतला रोधही वाढतो. दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाला पटवताना माझा घसा कोरडा पडतो. म्हातारा माणूस सपाटीवर अर्धा तास आरामात चालतो, पण जिना आला की तिसऱ्या पायरीवर थांबतो ना, तसंच हे. पोथी वाचत बसलात तर टॅब दोन तास चालेल. व्हिडिओ कॉल लागला, म्हणजे कॅमेरा, वायफाय, स्पीकर, पडदा सगळे एकदम करंट ओढायला लागले की व्होल्टेज खाली बसतं आणि टॅब स्वतःला वाचवायला बंद होतो. टक्के मात्र चाळीसच दिसत होते.

घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. टॅब साठच्या आसपास असताना ब्राइटनेस पूर्ण करा आणि कॅमेऱ्यावर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून ठेवा. बॅटरी बरी असेल तर आकडा एकेक करत उतरतो. गेलेली असेल तर ५८ वरून ४७, तिथून थेट २९ अशा उड्या मारतो, नाहीतर सरळ झोपतो. झोपला की चार्जर लावून लगेच चालू करा. चालू झाल्या झाल्या पुन्हा तिशी-पस्तिशी दाखवली, तर ऊर्जा आत आहे पण जोर लावायची ताकद बॅटरीत उरलेली नाही.

कधीकधी चिपचाच अंदाज चुकलेला असतो. त्यासाठी एकदा पूर्ण शंभर करा, आपोआप बंद होईपर्यंत वापरा आणि मधे न काढता पुन्हा शंभर करा. त्यानंतर उड्या थांबल्या तर बॅटरीला दोष देऊ नका. हा प्रकार एकदाच करायचा. दर आठवड्याला शून्यावर नेणारे लोक बॅटरी 'व्यायामाने सुधारते' असं समजतात, ते लिथियमच्या बॅटरीला लागू नाही.

आणि हो, माझ्याकडे 'बॅटरी बदला' म्हणून येणाऱ्या टॅबमधले कितीतरी चार्जिंगच्या खाचेत साठलेल्या कापसाचे असतात. टॅब बंद करून बॅटरीच्या उजेडात खाचेत बघा. पिन पूर्ण आत बसत नसेल, किंवा वायर एका बाजूला दाबून धरल्यावरच चार्ज होत असेल, तर लाकडी टूथपिकने हळू साफ करा. सुई नको.

---

कोलंबीची_खिचडी

टाकणखार, 'बॅटरीच्या उजेडात' वाचून हसले :) बाकी प्रतिसाद साठवून ठेवला आहे.

---

संत्रानगरी

आमच्याकडे संशयाला जागाच नव्हती. नागपूरचा मे महिना. भाचा टॅब कारमध्ये डॅशबोर्डवर ठेवून लग्नाला गेला. बाहेरच पंचेचाळीस असते, बंद गाडीत किती होत असेल तुम्हीच समजा. आयपॅडसारख्या टॅबला कंपनी वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा योग्य सांगते, आपल्याकडे तर पंख्याखालीही तेवढी गार नसते मे महिन्यात!

लगेच काही दिसलं नाही. पावसाळा लागेपर्यंत पडद्याच्या मधोमध एक पांढुरका डाग आला, काळ्या पार्श्वभूमीवर जास्त दिसायचा. सगळे म्हणाले डिस्प्ले गेला. मग टॅब टेबलावर उताणा ठेवला तर तो एका कोपऱ्यावर डुलायला लागला. आडवा धरून कडेने पाहिलं, तर पडदा आणि चौकटीच्या मधे फट, त्यातून आतला उजेड बाहेर येत होता. नख जाईल एवढी. डाग कसला, तर आतून फुगलेली बॅटरी पडद्याला मागून ढकलत होती.

या बॅटऱ्या चांदीसारख्या पिशवीत बंद असतात. आतल्या द्रवाचं विघटन झालं की वायू धरतो, त्याला जायला वाट नाही, म्हणून पिशवी फुगते. हे दिसलं की टक्के किती, बॅकअप किती, हा हिशेबच सोडा. चार्जिंग बंद, टॅब बंद. पडदा दाबून 'बसवायचा' प्रयत्न तर मुळीच नाही. पिशवीला भोक पडलं तर पेट घेते. आमच्या घरी 'जरा दाबून पाहू का' म्हणणारे दोन काका होते, त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं. टॅब फरशीवर, खिडकीच्या पडद्यापासून आणि गादीपासून लांब ठेवला आणि सकाळी दुकानात नेला.

---

गल्ला_नंबर_एक

हॉटेलच्या काउंटरवर ऑर्डर घ्यायला टॅब आहे. तो सकाळी दहा ते रात्री अकरा चार्जरलाच. बॅटरी कमी टिकते हे आम्हाला कळायचं कारणच नव्हतं, कारण तो कधी बॅटरीवर चाललाच नाही! एके दिवशी लाइट गेली, इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात टॅब बंद, आणि अर्धी ऑर्डर गेली. मागचं झाकण बघितलं तर हलकासा फुगवटा. स्टँडमध्ये अडकवलेला असल्यामुळे कोणाच्या नजरेत आला नव्हता.

बदलून देणाऱ्याने सांगितलं, सतत शंभरला ठेवणं आणि शेजारी भट्टीची ऊब, दोन्ही मिळून बॅटरी लवकर म्हातारी होते. आता सेटिंगमध्ये ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असलेला टॅब घेतलाय, आणि काउंटरवर काम करणाऱ्या पोराला सांगून ठेवलंय: दर सोमवारी स्टँडमधून काढून पाठ बघायची.

---

भिवंडीकर_गोदामवाला

वर कोणी लिहिलं नाही म्हणून. गोदामात स्कॅनिंगसाठी आम्ही सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब अॅक्टिव्ह ३ वापरतो. त्याचं मागचं झाकण नखाने उघडतं आणि ५०५० एमएएचची (हे साठवणीचं माप) बॅटरी जुन्या नोकियासारखी हातात येते. एक दमली की दुसरी टाकायची. भिंतीवर कायम लावून ठेवायचा असेल तर बॅटरी काढून नुसत्या चार्जरवरही चालवता येतो. महाग आहे, जाड आहे, घरी कोणी घेणार नाही. पण 'दोष बॅटरीत आहे की बोर्डात', म्हणजे आतल्या मुख्य सर्किटात, हा वाद आमच्याकडे अर्ध्या मिनिटात मिटतो: शेजारच्याची बॅटरी टाकून बघायची.

---

आंबोळी

माझी उलटी गोष्ट. बॅटरी नव्हतीच.

आम्ही मालवणजवळ राहतो, मी शाळेत शिकवते. टॅबमध्ये सिम आहे. वर्षभर व्यवस्थित चालला आणि अचानक रात्रभर नुसता पडून सकाळी निम्मा. बॅटरी बदलायचं ठरवूनही टाकलं होतं. भावाने आधी एक रात्र विमान मोडवर ठेवायला लावला. सकाळी दोनच टक्के उतरले होते! बॅटरी दमलेली असती तर विमान मोडने ती बरी कशी झाली असती? गावातला टॉवर बदलला होता, घरात रेंज येत-जात होती, आणि टॅब रात्रभर टॉवर शोधत बसायचा. आता घरात सिम बंद, वायफायवरच.

सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कुठलं अॅप किती खातंय त्याची यादी असते. ती आधी वाचा. मोठ्या अपडेटनंतरचे दोनचार दिवस तर मोजूच नका, तेव्हा मागे बरीच कामं चालू असतात.

---

टाकणखार

आंबोळी ताई, लाखातलं बोललात. विमान मोडची रात्र मी आता गिऱ्हाइकांना सांगत जाईन. त्यातही रात्रीत दहा-पंधरा टक्के गेले तर एक तर बॅटरी, नाहीतर बोर्डावर गळती. ते मात्र मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

---

निवृत्त_पण_निवांत

माझ्याकडे २०१२ चा नेक्सस ७ आहे, अजून. हसा. त्याची पाठ क्लिपांवर बसवलेली असते. गिटार वाजवायच्या प्लास्टिकच्या पातीने कडेकडेने सोडवली की निघते, बॅटरी एका लहान जोडणीने लावलेली. बदलणं सोपं गेलं. कटकट झाली ती बॅटरी मिळवताना.

जुन्या मॉडेलची 'नवी' बॅटरी म्हणजे बरेचदा कपाटात सहा-सात वर्षं पडलेली बॅटरी असते. न वापरताही ती म्हातारी होतच असते. वर छापलेल्या तारखेची पट्टी आधी मागा, मगच पैसे द्या. दुसरं म्हणजे आकडा. मूळ बॅटरी ४३२५ एमएएच आणि त्याच मापाची, त्याच वजनाची बाजारातली ८००० म्हणत असेल, तर तो आकडा स्टिकरचा आहे, बॅटरीचा नाही. ज्यांचा टॅब गोंदाने चिकटवलेल्या पडद्याचा आहे त्यांनी हे घरी करू नये. हीट गनने पडदा सोडवताना काच तडकली की बॅटरीपेक्षा पडद्याचा खर्च जास्त.

---

र्‍हाईनकाठ

आयपॅडवाल्यांसाठी. बॅटरीची प्रकृती टक्क्यांत दाखवणारं पान २०२४ च्या एम४ आयपॅड प्रो आणि एम२ आयपॅड एअरपासून आलं. त्याआधीच्या आयपॅडवर ते नाही, शोधून डोळे फोडू नका. माझ्या जुन्या आयपॅडचा आकडा मी मॅकला वायरने जोडून कोकोनटबॅटरी नावाच्या प्रोग्रॅममध्ये बघितला. मूळ साठवण किती, आता किती उरली आणि किती फेरे झाले, तिन्ही दिसतं. अॅपल म्हणते की आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण फेऱ्यांनंतरही ८० टक्के साठवण राखेल अशी बनवलेली आहे. फेरा म्हणजे शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की चार दिवसांत मिळून. रोज थोडंथोडं चार्ज करून 'फेरे वाढतात' ही भीती फोल आहे.

अँड्रॉइडवर मुलगी अॅक्युबॅटरी नावाचं अॅप वापरते. ते चार्जिंगच्या वेळी आत गेलेला करंट मोजून अंदाज करतं, म्हणून पहिल्याच दिवशी दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही, बऱ्याच चार्जिंगनंतर तो स्थिरावतो.

मी जर्मनीत असते. इथे युरोपीय संघाच्या नियमाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोन-टॅबना ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के साठवण राखणं बंधनकारक झालंय, आणि खोक्यावरच्या ऊर्जा-लेबलवर फेऱ्यांचा आकडा छापतात. बॅटरी आणि पडद्यासारखे सुटे भागही मॉडेलची विक्री थांबल्यावर काही वर्षं पुरवावे लागतात. तुमच्याकडेही हे लेबल आलं तर खरेदीच्या वेळीच अर्धा प्रश्न सुटेल.

---

कोलंबीची_खिचडी

करोनातल्या ऑनलाइन शाळेचा टॅब. शाळा उघडली, टॅब कपाटात गेला, दोन वर्षांनी काढला तर मेलेला. चार्जर लावला, काहीच नाही, चिन्हसुद्धा नाही. ही पण बॅटरी गेल्याचीच खूण का?

---

टाकणखार

बरेचदा हो, पण लगेच हार मानू नका. बॅटरी फार उतरली की तिच्यातलं संरक्षण-सर्किट दार लावून घेतं. पाठ फुगलेली नाही ना, हे आधी बघा. नसेल तर साधा जुना एक अँपिअरचा चार्जर लावून तुमच्या समोर दोन-तीन तास ठेवा. बरेच टॅब तासाभराने चिन्ह दाखवतात. जागे झाले तरी साठवण किती उरली ते वरच्या परीक्षेने बघा, कारण खूप काळ पूर्ण रिकामी राहिलेली बॅटरी आतून खराब होते. रात्रभर झोपेत लावून ठेवू नका. यापुढे टॅब कपाटात ठेवायचा तर निम्मा भरून, बंद करून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्मा करा.

---

संत्रानगरी

काढलेल्या फुगीर बॅटरीचं काय करायचं तेही लिहून ठेवतो. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबणाऱ्या गाडीत ती फुटते. कुरिअरनेही पाठवू नका. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन मार्गी लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत सेवा केंद्र किंवा नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आमच्या दुकानदाराने टोकांना चिकटपट्टी लावून ती वाळूच्या डब्यात ठेवली होती. आवडलं मला ते.

---

साखरगाठ

सर्वांचे आभार. विमान मोडवर रात्रभर ठेवला: तीनच टक्के उतरले. म्हणजे पडून असताना बरा. मग रेकॉर्डिंगची परीक्षा घेतली, ६१ वरून ५२, मग ३८, आणि झोपला. चार्जर लावताच ३६ दाखवून चालू झाला. आकडा शून्य ते शंभर करून पुन्हा केलं, उड्या तशाच. पाठ सपाट आहे, टेबलावर डुलत नाही. बॅटरी बदलून घेतेय. टाकणखार, दुकानात देताना काय विचारू?

---

टाकणखार

जुनी बॅटरी तुमच्यासमोर दाखवायला सांगा, नवीवरची तारीख वाचा, पावतीवर वॉरंटी लिहून घ्या. देण्याआधी बाबांचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. पासवर्ड देऊ नका, बॅटरी तपासायला तो लागत नाही. आणि परत आणल्यावर तीच रेकॉर्डिंगची परीक्षा दुकानाच्या काउंटरवर उभं राहून करा, घरी येऊन नव्हे.